पल्सर २२० चं इंजिन बांधतोय, हेड कुठलं घ्यावं? (रोजचं बेळगाव + चोर्ला घाट)

घाटवाट_२२

नमस्कार मंडळी,

माझी पल्सर २२० (कार्ब्युरेटरवाली, केए-२२ पासिंग) आता धूर मारायला लागलीय. कॉम्प्रेशन उतरलंय, कणकुंबीच्या चढाला तिसऱ्या गिअरमध्येसुद्धा जीव लावत नाही. इंजिन उतरवायचं पक्कं केलंय. बोअर, पिस्टन, रिंगा, टायमिंग चेन हे तर होणारच. अडलंय ते हेडपाशी, म्हणजे सिलिंडरवरच्या व्हॉल्व्हवाल्या झाकणापाशी.

गाडी रोज टिळकवाडी ते मच्छे कामाला जाते. सुट्टीला जांबोटीवरून चोर्ला उतरून साखळी, पुढे गोवा. मागे बायको आणि सामान. रेस लावायची नाही मला. साडेतीन हजारापासून सात हजार आरपीएमपर्यंत (इंजिनाचे मिनिटाचे फेरे) चांगला ओढा पाहिजे, घाटात ट्रक समोर आला तर गिअर न पाडता बाजूने निघता यावं.

वाटा तीन दिसतात. आहे तेच हेड पोर्टिंग (हवा-धुराच्या वाटा कोरून नीट करणं) करून घेणं. नाहीतर ऑनलाइन मिळणारं तयार 'बिग व्हॉल्व्ह रेसिंग हेड', खोक्यातून काढायचं आणि बसवायचं. आणि एक मित्र सांगतोय की एनएस २०० चं चार व्हॉल्व्हचं हेड २२० वर चढव. ज्यांनी हात काळे केलेत त्यांनी सांगा. खर्चाचं बघता येईल, खरं आधी चांगलं काय ते कळू दे.

निपाणीचा_नाद

चार व्हॉल्व्हच चढव भावा! तवंदी घाटात एसटीतली माणसं वळून बघतील.

उद्यमबागी

@निपाणीचा_नाद मर्दा, चढवायचं कसं ते पण सांग की. एनएसचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ७२ मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची वरखाली धाव) ४९. आपल्या २२० चा बोअर ६७, स्ट्रोक ६२.४. एनएस पाण्यावर थंड होतं, २२० हवेवर आणि ऑइल कूलरवर. हेडमधल्या पाण्याच्या वाटा २२० च्या ब्लॉकवर कुठे नेऊन सोडणार? स्टडांची जागा वेगळी, चेनची वेगळी, ऑइल वर येण्याची वाट वेगळी. वर तीन प्लग आणि त्यांचं वायरिंग. त्यापेक्षा एनएसचं अख्खं इंजिन घेतलेलं स्वस्त पडेल. घाटवाट, तिसरी वाट बंद समज आणि पहिल्या दोनांवर बोलू.

निपाणीचा_नाद

पटलं. खरं चार व्हॉल्व्हला ताकद जास्त असते हे तर खरंच ना?

उद्यमबागी

असते. आपाचीच बघ. आरटीआर १६० दोन व्हॉल्व्हमध्ये पण येते आणि चार व्हॉल्व्हमध्ये पण, दोन्हींचा बोअर-स्ट्रोक तोच, ६२ × ५२.९. बीएस-६ मध्ये दोन व्हॉल्व्हवालीला १६ पीएस, चार व्हॉल्व्हवालीला साडेसतरा. म्हणजे दीड पीएसचा फरक, तोही वर नऊ हजाराच्या आसपास. धागाकर्त्याला पाहिजे ती ताकद तिथे नाहीच.

पोर्ट_मास्तर

घाटवाट, तू आरपीएम सांगितलास आणि रस्ता सांगितलास, हे फार बरं केलंस. आमच्याकडे येणारे बहुतेक जण "मास्तर, पॉवर वाढवून द्या" एवढंच बोलतात. अरे पण कुठली पॉवर, कुठल्या आरपीएमला? हेड हे आरपीएम बघून निवडायचं असतं. व्हॉल्व्ह केवढा मोठा हे त्याच्या खूप नंतर येतं.

एक हिशोब मांडतो, वही घेऊन बसा.

स्ट्रोक ६२.४ मिमी. ८५०० आरपीएमला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १७.७ मीटर. २२० ची पूर्ण ताकद, २१ पीएसच्या आसपास, तिथेच येते. ४००० ला हाच वेग ८.३ मीटर. आता समजा इनटेक पोर्ट, म्हणजे हेडमधली हवा आत यायची वाट, २८ मिमी व्यासाचा आहे. ६७ च्या बोअरचं क्षेत्रफळ त्या पोर्टच्या ५.७ पट भरतं. म्हणजे ४००० आरपीएमला पोर्टमधली हवा सेकंदाला ४७-४८ मीटरने धावते. हाच पोर्ट कोरून ३१ केला की वेग ३९ वर येतो. व्यास तीन मिमीने वाढला आणि हवेचा जवळजवळ पाचवा हिस्सा वेग गेला.

हा वेग कशाला पाहिजे? पिस्टन खालून परत वर यायला लागतो तेव्हा इनटेक व्हॉल्व्ह अजून उघडाच असतो. हवेला वेग असेल तर ती आपल्या जोरावर आत शिरत राहते, सिलिंडर भरतो. वेग नसेल तर घेतलेलं परत पोर्टमध्ये ढकललं जातं. शिवाय कार्ब्युरेटरमधून आलेले पेट्रोलचे थेंब वेगात तरंगत राहतात, मंद हवेत पोर्टच्या भिंतीला चिकटतात. मोठ्या पोर्टची गाडी वर नऊ हजाराला ओरडेल भरपूर, आणि कणकुंबीच्या चढाला मागे बायको असताना बसेल.

म्हणून पोर्ट रुंद करणं हे सगळ्यात शेवटचं काम, तुझ्या बाबतीत बहुतेक नकोच. काम करायचं ते व्हॉल्व्हच्या लगेच खाली. सीट (व्हॉल्व्ह जिच्यावर टेकतो ती कडी) जिथे दाबून बसवलेली असते तिथे कास्टिंगची एक कडा उरलेली असते, बोट फिरवलंस तर नखाला लागते. ती काढायची. गाईडचा (व्हॉल्व्हची दांडी सरकते ती नळी) जो ठोकळा पोर्टमध्ये येतो तो दोन्ही बाजूंनी निमुळता करायचा. आणि वळणाची आतली बाजू, म्हणजे पोर्टचा तळ जिथे सीटकडे खाली वळतो, तिथला कोपरा नुसता गोल करायचा. खाली खोदायचं नाही. हवेला तिथे वळता आलं नाही की ती भिंत सोडून उडते आणि व्हॉल्व्हच्या एकाच अंगाने आत जाते. नवशिकी पोरं डाय ग्राइंडर लावतात ते नेमकं तिथेच आणि हेड कायमचं जातं.

आरशासारखं पॉलिश इनटेकला मागू नकोस. कार्ब्युरेटरच्या गाडीला ८० नंबरच्या पेपरचा खरखरीतपणा ठेवलेला बरा. एक्झॉस्टला गुळगुळीत चालतं, काजळी कमी धरते.

चंदगडी_वाघ

+१ मास्तर. वाचनखूण साठवली.

खानापूरचा_दादू

मोठ्या व्हॉल्व्हच्या तयार हेडबद्दल जे डोळ्यांनी बघितलं ते लिहितो.

आमच्या गल्लीतल्या पोराने असंच एक हेड ऑनलाइन मागवलं. खोकं झकास, वर लाल रंगात 'रेस' लिहिलेलं. गॅरेजमध्ये आम्ही सगळे बघत होतो. मिस्त्रीने व्हॉल्व्हच्या कडेला मार्किंग ब्लूचा पातळ हात दिला, व्हॉल्व्ह सीटवर टेकवून पाव फिरवला आणि वर उचलला. सीटवर निळा पट्टा पूर्ण गोल उठायला पाहिजे होता. उठला तो चंद्रकोरीसारखा, एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही. म्हणजे गाईडचं भोक आणि सीट एका मध्यावर नाहीतच. मग त्याने पोर्टमध्ये रॉकेल ओतलं. दहा मोजायच्या आत व्हॉल्व्हच्या कडेने थेंब यायला लागले.

पोराने विकणाऱ्याला फोटो पाठवले. उत्तर आलं, "बसवून चालवा, आपोआप बसेल." परत काही घेतलं नाही त्यांनी.

नंतर त्या हेडला नवीन गाईड, सीट परत कापून घेणं, सगळं करावं लागलं. त्या पैशात मूळ हेडचं काम दोनदा झालं असतं.

फाउंड्रीवाला

दादूने सीट-गाईडचं सांगितलं, मी धातूचं सांगतो. जन्म बेळगावच्या फाउंड्रीत गेलाय.

मोटरसायकलची हेडं अॅल्युमिनियम-सिलिकॉन-मॅग्नेशियमच्या मिश्रणात ओततात. आमच्याकडे एलएम-२५ म्हणतात, अमेरिकेत ए-३५६, जवळपास एकच. सिलिकॉन सात टक्क्यांच्या आसपास. नुसतं ओतून हे मिश्रण मऊच असतं. मग त्याला टी-६ ची हीट ट्रीटमेंट देतात: ५४० अंशांच्या आसपास काही तास भट्टीत, तिथून झटक्यात पाण्यात, मग १६०-१७० अंशांना पुन्हा काही तास. याने कडकपणा येतो. ही पायरी खर्चिक आहे आणि बाहेरून डोळ्यांना दिसत नाही. म्हणून स्वस्त हेडमध्ये पहिली कात्री इथेच लागते.

मऊ हेडची लक्षणं अशी. प्लगचे आटे दोन-चार वेळा उघडल्यावर निघून येतात. नटांखालचं मटेरियल दबतं, टॉर्क दिला तरी आठवड्यात ढिलं होतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे सीट सैल होते. सीट ही हेडमध्ये फक्त आवळून बसवलेली असते, तापल्यावर अॅल्युमिनियम लोखंडापेक्षा जास्त फुगतं. हेड मऊ असेल तर ती पकड जाते, सीट खाली पडते आणि पिस्टनचं पार वाटोळं.

हीच गोष्ट वेल्डिंगची. काही जण चेंबर (हेडमधली जळणाची पोकळी) वेल्ड करून भरतात आणि नवा आकार देतात. वेल्ड केलं की त्या भागाची टी-६ गेली, वर हेड वाकतं. पुन्हा हीट ट्रीटमेंट करायची तयारी असेल तरच त्या वाटेला जा. कंपनीचं मूळ हेड तडा न गेलेलं असेल तर ते सोन्यासारखं जपा.

निपाणीचा_नाद

फाउंड्रीवाले काका, मग आपल्या बेळगाव-कोल्हापूरला एवढ्या फाउंड्र्या असताना आपण स्वतःच हेड का ओतत नाही हो? 'मेड इन उद्यमबाग'!

फाउंड्रीवाला

ओतता येईल. पॅटर्न, कोअर, मशिनिंग, सगळं दहा किलोमीटरच्या आत मिळतं इथे. हायड्रॉलिकच्या व्हॉल्व्ह बॉडीत मायक्रॉनची कामं करणारी पोरं आहेत आपल्याकडे. अडचण पोर्टच्या कोअरची. वाळूचा कोअर अर्धा मिमी हलला की प्रत्येक हेडचा पोर्ट वेगळा. एक-दोन नगांना ते परवडत नाही. पाचशे नगांची मागणी आण, मी आहे.

येझदीवाले_काका

तुम्ही मुलं व्हॉल्व्ह, गाईड, सीट करत बसलाय. आमच्या येझदीच्या हेडमध्ये एक प्लग आणि पंखे, संपलं. म्हैसूरला बनायची, १९९६ ला कारखाना बंद झाला, तरी माझी अजून हिंडलग्यापर्यंत रोज जाऊन येते.

खरं टू-स्ट्रोकच्या हेडलाही कमी समजू नका. त्यात सगळा खेळ स्क्विशचा. पिस्टन अगदी वर आल्यावर त्याच्या कडेचा पट्टा आणि हेड यांच्यात जी फट राहते ती. मोजायची सोपी रीत आहे: प्लगच्या भोकातून सोल्डरची तार आत घाला, भिंतीला टेकवा, किक दाबून पिस्टन एकदा वरून न्या, तार बाहेर काढा. चपटं झालेलं टोक मायक्रोमीटरने मोजा. आरएक्स १०० सारख्या लहान इंजिनला एक मिमीच्या आसपास आलं तर उत्तम. तारेचं टोक दीड-दोनचं निघालं तर हेड खाली घेऊन काही बिघडत नाही.

पोर्ट_मास्तर

काका, ही रीत घाटवाटलाही लागू आहे बरं. फोर-स्ट्रोकमध्येही कडेचा सपाट पट्टा असतो तिथे फट बघायची. नवीन पिस्टन टाकतोय, तेव्हा गॅस्केटसकट मोजलंच पाहिजे.

वैदेही_मेक

मी मेकॅनिकल शिकवते, गाडी माझीही २२० च. हेडच्या निवडीत अजून कुणी कॉम्प्रेशनला (मिश्रण किती पट दाबलं जातं त्याला) हात घातला नाही म्हणून लिहिते. ओढा पाहिजे म्हटल्यावर पोर्टइतकंच, किंबहुना जास्त, महत्त्व त्याला आहे. कॉम्प्रेशन वाढलं की ताकद सगळ्या आरपीएमला वाढते, फक्त वरच्या टोकाला नाही.

२२० चं कंपनीचं गुणोत्तर ९.५. सिलिंडर २२० सीसी, म्हणजे पिस्टन वर असताना उरलेली जागा २२० भागिले ८.५ (९.५ वजा १), जवळपास २५.९ सीसी. हेडचा तळ अर्धा मिमी घासला तर ६७ च्या बोअरला जास्तीत जास्त १.७६ सीसी कमी होतात. उरले २४.१. गुणोत्तर १०.१. अर्ध्या मिमीत एवढा फरक पडतो, म्हणून "जरा घासून घ्या" असं मोघम सांगायचं नाही. आकडा द्यायचा.

आता आपल्या भागाची खास गोष्ट. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर आहे. इथली हवा गोव्याच्या किनाऱ्यापेक्षा साधारण सात टक्के विरळ. इथे बसवून, इथे ट्यून करून, गणेशपूरच्या रस्त्यावर फेरी मारून गाडी मस्त वाटते. तीच गाडी चोर्ला उतरून पणजीत गेली की सिलिंडरमध्ये जास्त हवा शिरते, दाब वाढतो, आणि जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोलचं मापाचं भोक) इथल्या हवेचा असल्यामुळे मिश्रण थोडं कोरडं होतं, पेट्रोल कमी पडतं. वर उष्मा. म्हणजे नॉकिंगला (मिश्रण आपोआप भडकून होणाऱ्या खडखडीला) लागणाऱ्या तिन्ही गोष्टी एकत्र. इथे १०.५ ला गप्प असणारी गाडी तिथे खडखडेल. परत येताना तर पूर्ण थ्रॉटल, कमी आरपीएम, दोन माणसं आणि चढ, यापेक्षा वाईट परिस्थिती इंजिनाला नाही.

हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला, साध्या पेट्रोलवर, तुमच्या वापरासाठी मी १० च्या वर जाणार नाही. २२० ला दोन प्लग आहेत, ज्वाळेला अंतर कमी पडतं, त्याचा थोडा आधार मिळतो. पण त्या आधारावर ११ चं पिस्टन टाकू नका.

गोंयकार_वाळपई

वैदेहीताई, शंभर टक्के. आमच्या गॅरेजात पावसाळा संपला की बेळगावच्या गाड्यांची रीघ लागते. प्लग काढला की इन्सुलेटर पांढराफटक, कधी कधी त्यावर काळे-चंदेरी बारीक ठिपके. ते ठिपके पिस्टनच्या अॅल्युमिनियमचे. मालक म्हणतो, "बेळगावात काही आवाज नव्हता हो." नसणारच. मी त्यांना एकच सांगतो, मेन जेट एक नंबर मोठा टाक आणि कॉम्प्रेशन कुणी वाढवलंय ते विचार.

आणि आता पंपावर ई-२० (वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल) आहे. इथेनॉलला पेट्रोलपेक्षा कमी हवा लागते, पेट्रोल १४.७ ला एक, इथेनॉल ९ ला एक. म्हणजे त्याच जेटवर मिश्रण आणखी कोरडं. इथेनॉलचं ऑक्टेन चांगलं आहे, त्याचा फायदा मिळतो, पण जेट बदलला तरच.

घाटवाट_२२

वैदेहीताई, गोंयकारदादा, हे माझ्या ध्यानातच नव्हतं. मी बेळगावात ट्यून करून मोकळा होणार होतो. मग चेंबर किती सीसीचं आहे ते आपल्याला घरी मोजता येतं का? हेड घासायच्या आधी आणि नंतर दोन्हीवेळा मोजलेलं बरं ना?

पोर्ट_मास्तर

मोजता येतं, आणि मोजूनच घे. कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये असते तसली ५० एमएलची ब्युरेट घे. जाड अॅक्रिलिकची एक चकती काप, तिला मध्याजवळ एक छोटं भोक. हेड उलटं, चेंबर वर, स्पिरिट लेव्हल लावून एका अंगाला किंचित कललेलं ठेव. दोन्ही प्लग बसवलेले पाहिजेत, व्हॉल्व्ह स्प्रिंगांसकट. व्हॉल्व्हच्या कडेला आणि चकतीखाली ग्रीसचा अगदी पातळ हात, जाड ग्रीस आत दबलं तर मोजमाप चुकतं. चकतीचं भोक उंच बाजूला ठेव म्हणजे शेवटचा बुडबुडा तिथून निघतो. रंग घातलेलं रॉकेल ब्युरेटमधून थेंब थेंब सोड. बुडबुडा भोकाशी येऊन नाहीसा झाला की आकडा वाच.

त्यात गॅस्केटच्या जाडीची जागा मिळव, पिस्टनच्या डोक्यावरचे व्हॉल्व्हचे खळगे मिळव, पिस्टन बोअरच्या कडेपासून किती खाली थांबतो ते मिळव. मग वैदेहीताईंचं सूत्र लाव.

अजून दोन गोष्टी. हेड घासलं की कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) क्रँकच्या जवळ येतो, चेन टेन्शनर ढिलाई ओढून घेतो आणि कॅमचं टायमिंग किंचित मागे पडतं. अर्ध्या मिमीला चालतं, जास्तीला नाही. आणि व्हॉल्व्ह-पिस्टनमधलं अंतर तपास. पिस्टनवर पोरांच्या खेळण्यातली माती थाप, हेड जुन्या गॅस्केटवर आवळ, टॅपेट (व्हॉल्व्हवरची फट) सेट कर, क्रँक हाताने दोन फेरे फिरव, हेड काढ, मातीत व्हॉल्व्ह रुतलेली जागा ब्लेडने काप आणि जाडी मोज. इनटेकला दीड मिमी, एक्झॉस्टला दोन मिमीच्या खाली नको.

वडगावचा_वकील

सगळे इंजिनाचं बोलताय, मी कागदाचं बोलतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत बदल करायला मनाई करतं. स्वतःचंच हेड दुरुस्त करून, सीट कापून परत बसवणं ही दुरुस्ती आहे. दुसऱ्या क्षमतेचं इंजिन किंवा मोठा बोअर टाकलात तर तो बदल झाला. शिवाय तुम्ही दर महिन्याला राज्याची हद्द ओलांडता, तपासणी दोन्हीकडे असते. इंजिन नंबर क्रँककेसवर असतो, तो भाग मूळचाच ठेवा आणि पीयूसी काढून घ्या.

निपाणीचा_नाद

वकीलसाहेब, माझी गाडी एमएच-०९ ची, राहतो निपाणीत, मला तर दोन्हीकडचे थांबवतात! तेवढा एक वेगळा धागा काढा राव.

वडगावचा_वकील

काढतो. एनओसी आणि टॅक्सचं सगळं त्यात लिहितो, इथे नको.

उद्यमबागी

मूळ प्रश्नावर येतो. घाटवाट, तयार हेडवर कुणी शपथ घेत असेल तर त्याला चार प्रश्न विचार. गाईडमध्ये व्हॉल्व्हचा हलकावा किती? सीट कुठल्या कोनात कापलीय? चेंबर किती सीसी? कुठल्या आरपीएमसाठी बनवलंय? फ्लो बेंचचे (हेडमधून हवा किती जाते ते मोजायच्या यंत्राचे) आकडे दाखवत असतील तर किती दाबाला घेतले तेही विचार, २८ इंच पाण्याला घेतलेला आकडा १० इंचाच्या आकड्याशी तुलना करता येत नाही. आणि एकाच लिफ्टचा (व्हॉल्व्ह किती उघडलाय त्याचा) मोठ्ठा आकडा दाखवला तर सोडून दे. व्हॉल्व्ह पूर्ण उघडा फार थोडा वेळ असतो, येता-जाता अर्ध्या लिफ्टवरून दोनदा जातो. तिथले आकडे तुझ्या ओढ्याचे.

२२० च्या चेंबरमध्ये दोन प्लग बसलेत, दोन व्हॉल्व्हच्या सीटमध्ये पट्टी आधीच अरुंद. मोठा व्हॉल्व्ह घालायला मोठी सीट, म्हणजे पट्टी अजून बारीक. तडा जातो तो तिथेच. शिवाय ६७ च्या बोअरमध्ये मोठ्या व्हॉल्व्हची कड सिलिंडरच्या भिंतीजवळ जाते, त्या अंगाने हवा जातच नाही.

पोर्ट_मास्तर

उद्यमबागीने माझं काम हलकं केलं. आता कामाचा क्रम तेवढा सांगतो, कारण मशीनवाला घाईत असला की क्रम उलटा करतो. आधी गाईड. जुने हलत असतील तर बदलायचेच. सीट कापायच्या कटरचा पायलट गाईडमध्येच बसतो, झिजलेल्या गाईडवरून कापलेली सीट कधीही मध्यावर येणार नाही. मग सीट, तीन कोनांत: मध्ये ४५, वर ३०, खाली ६०. इनटेकची टेकण (व्हॉल्व्ह टेकतो त्या पट्टीची रुंदी) एक-सव्वा मिमी, एक्झॉस्टची दीड. एक्झॉस्टची बारीक करू नकोस. तो व्हॉल्व्ह लाल होतो आणि आपली उष्णता सीटवाटेच हेडला देतो, टेकण अरुंद केली तर जळतो. तुझ्यासारख्या लांबच्या घाटवाल्याला तर नक्कीच. मग पोर्टमधलं हलकं काम, मग तळ घासणं, शेवटी धुणं. धुणं म्हणजे खरोखर धुणं, ऑइलच्या वाटांतून ब्रश घालून. ग्राइंडिंग पेस्टचा एक कण राहिला तरी कॅमच्या बेअरिंगला खातो.

घाटवाट_२२

सगळ्यांचे मनापासून आभार. ठरवलं ते सांगतो. मूळचंच हेड ठेवणार. गाईड नवीन, सीट तीन कोनांत, व्हॉल्व्ह कंपनीच्या मापाचेच नवीन, पोर्टमध्ये फक्त सीटखालची कडा, गाईडचा ठोकळा आणि वळण. रुंदी तशीच. चेंबर मोजून कॉम्प्रेशन ९.८ ते १० च्या मध्ये आणणार. कॅम कंपनीचा. जेट मात्र दोन घेऊन ठेवणार आणि मोठ्या जेटवरच गोव्याला उतरणार. मास्तर, तुमच्याकडेच द्यायचा विचार आहे, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.

पोर्ट_मास्तर

व्यनि मिळाला. गर्दी आहे, पंधरवड्यानंतर आण. हेड सुटं आण, कार्ब्युरेटरचा रबरी जोड आणि सायलेन्सरचं बेंडही बरोबर आण. जोडाचं तोंड पोर्टशी जुळतं का ते बघावं लागतं, पुष्कळदा ताकद तिथल्या पायरीतच अडकलेली असते. एक्झॉस्टला उलटं, बेंडचं तोंड पोर्टपेक्षा थोडं मोठं असलं तर चांगलं, धूर मागे फिरत नाही.

चंदगडी_वाघ

आणि मजुरीबरोबर अर्धा किलो कुंदा घेऊन जा रे, मास्तरांचं मशीन जरा लवकर फिरतंय असं ऐकलंय.

पोर्ट_मास्तर

कुंदा चालेल. सीट मात्र तेवढ्याच वेळात कापली जाईल.

गोंयकार_वाळपई

घाटवाट, पहिले पाचशे किलोमीटर झाले की हेडचे नट थंड इंजिनावर परत टॉर्कला लाव आणि टॅपेट बघ. नवीन सीट थोडी बसते, टॅपेटची फट कमी होते. एक्झॉस्टची फट संपली तर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि मास्तरांचं सगळं काम घाटातच जळेल. पाचशेच्या आत चोर्ला उतरू नकोस. उतरलास तर साखळीच्या पुढे वाळपईला ये, प्लग काढून बघू.

वैदेही_मेक

गोंयकारदादा, तुमच्याकडे प्लग बघायला मीही येणार. जेट बदलल्यावर इन्सुलेटरचा रंग कसा आला त्याचे फोटो इथे टाका, उजेडात काढलेले. माझ्या गाडीचेही टाकते, दोन्ही शेजारी ठेवून बघता येतील.